बाल्टिक अंबरमधली मुंगी ओळखताना

टेनोबेथिलस गोएपर्टी ही बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे बाल्टिक प्रदेशातल्या अश्मीभूत राळेत, सर्वांत जास्त सापडणारी मुंगी. इओसीन काळातली, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची, केव्हाच नामशेष झालेली. कीटकतज्ज्ञ गुस्ताव मायर यांनी १८६८ मध्ये तिचं वर्णन केलं. माझ्या खड्यातली मुंगी तीच का, हे ठरवायला सर्वाधिक वेळ गेला तो घासण्यात.

आधी खऱ्या-खोट्याची परीक्षा. १०० मिली पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवलं. त्यात अंबर तरंगतं, काच आणि बेकेलाइट हे प्लास्टिक तळाला जातात. पण कोपल, म्हणजे कोवळी राळही तरंगतेच. म्हणून मुंगीपासून लांबच्या कडेवर अॅसिटोनचा एकच थेंब टाकून लगेच पुसला. चिकटपणा आला नाही, म्हणजे कोपल नाही.

मुंगी तिरकी होती. दोन सपाट खिडक्या हव्या होत्या: एक चेहऱ्यासमोर, दुसरी कुशीला समांतर. काचेवर वॉटर पेपर ठेवून ४००, ८००, १२००, मग २००० नंबर, आणि सतत पाणी. कोरडं घासलं की खडा तापतो, पृष्ठभाग चिकट होऊन कण रुततात. प्रत्येक नंबरानंतर खडा धुवून घासायची दिशा काटकोनात फिरवली. जुने ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. मुंगीपासून एक मिलिमीटर अलीकडे थांबलो. आत बहुधा भरीव शरीर नसतं, पातळ कवचाची पोकळी असते. तिला भोक पडलं की पाणी शिरतं आणि बारकावे कायमचे जातात. शेवटी ओल्या चामड्यावर सिरियम ऑक्साइड, म्हणजे चकाकी आणणारी पूड.

एका कुशीवर बुरशीसारखा पांढरा थर दिसला. तो कुजताना सुटलेल्या द्रवाच्या सूक्ष्म बुडबुड्यांचा, राळेच्या आतला. घासून जात नाही. दुसऱ्या बाजूने पाहायचं. ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हर स्लिप (पातळ काच) ठेवली, तेव्हा उरलेले ओरखडे नाहीसे झाले.

मग खुणा. कोपरासारखी वळलेली शृंगिका, तिचा पहिला खंड लांब. कंबरेला गाठ एकच. पोटाच्या टोकाला केसांच्या झालरीचं गोल छिद्र नाही, म्हणजे फॉर्मिसिनी हा मुंग्यांचा गट बाद. डोक्याची मागची कड आत वळलेली. आणि जबड्याची धार: बारीक दातांची, अगदी कंगव्यासारखी! कीटकतज्ज्ञ ब्रूस यांनी १९३९ मध्ये टेनोबेथिलस हे वंशनाम दिलं ते गांधीलमाशीचा नातलग कीटक समजून; ती मुंगी असल्याचं नंतर कळलं. त्यामुळे एकाच बाजूचा फोटो मला पुरेसा वाटत नाही.

खडा आता अंधाऱ्या डबीत, उन्हापासून दूर. अल्कोहोल आणि अल्ट्रासोनिक क्लीनर दोन्ही वर्ज्य.