को जागर्ति? अहो मीच, दुसरं कोण

कोजागिरीला लक्ष्मी म्हणे घरोघरी विचारत फिरते, को जागर्ति, कोण जागं आहे. आमच्याकडे तिने मुहूर्त बघायची गरजच नाही. कुठल्याही रात्री पावणेतीनला ये बाई, सुदामानगरातल्या या घरात हॉलच्या खुर्चीत गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून जी बसलेली दिसेल ती मी.

आर ए ला, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसला, आठ वर्षं झाली. संधिवातच, पण म्हातारपणी गुडघे दुखतात तो नाही, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो. (हे वाक्य मी इतक्या लग्नांत आणि हळदीकुंकवांत म्हटलंय की आता छापून वाटावं असं वाटतं.) आणि इंदूरला राहून झोप नाही म्हणजे तर विनोदच आहे. सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची, शब-ए-मालवा, असं जुने लोक म्हणायचे. पठारावरचं गाव, दिवसभर कितीही तापलं तरी रात्री वारा गार. एवढी नावाजलेली रात्र आणि ती अख्खी जागून बघणारी मी. आता पुरे झालं कौतुक.

उपाय सगळ्यांनी सांगितले. सासूबाईंनी काशाच्या वाटीने तळपाय घासून दिले, वन्संनी जायफळ उगाळून दिलं, शेजारच्या भाभी "हल्दीवाला दूध पियो ना" म्हणून पातेलंच घेऊन आल्या. काशाची वाटी छान वाटते हो, पण ती फिरवणाऱ्या सासूबाईच घासता घासता पेंगायला लागायच्या आणि मी टक्क जागी.

माझ्या डॉक्टरांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं की हे दुखणं रात्रीच का चढतं. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन असतं, ते सूज दाबून ठेवतं, पण मध्यरात्रीच्या आसपास ते सगळ्यात कमी असतं, आणि सूज वाढवणारी जी रसायनं आहेत ती पहाटेकडे जोर धरतात. म्हणून सकाळी उठल्यावर तास तास मुठी उघडत नाहीत, ब्रश धरता येत नाही, नळ मनगटाने ढकलून सोडावा लागतो. आणि झोप झाली नाही की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त लागतं. म्हणजे दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दुखतं, कोंबडी आधी की अंडं आधी.

त्यात माझा स्वतःचा एक पराक्रम सांगते. मागच्या पावसाळ्यात सांधे फारच भडकले तेव्हा थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडची छोटी गोळी दिली होती. कागदावर 'जेवणानंतर' एवढंच मी वाचलं, आणि आमचं मोठं जेवण रात्रीचं, सगळे एकत्र बसतात, म्हणून रात्री साडेनऊला घ्यायला लागले. तीन आठवडे डोकं असं चालायचं जसं कोणी आत ट्यूबलाइट लावून गेलंय, मी दोन वाजता कपाट आवरतेय, चादरींच्या घड्या घालतेय, ह्यांना वाटलं बायको बरी झाली! पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं गोळी केव्हा घेता, आणि मग कपाळाला हात लावला. ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची असते, एक तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळीच वाढतं त्याच्याशी जुळतं आणि दुसरं म्हणजे ती झोप उडवते. कोणाची चालू असेल तर वेळ विचारून घ्या, मनाने बंद मात्र करू नका, ती एकदम सोडत नाहीत.

गोळी सकाळवर आली तेव्हा कपाट आवरणं थांबलं. झोप काही आली नाही.

खरं काय चाललं होतं ते मला वहीने दाखवलं. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे लिहा, गादीवर किती वाजता गेलात, डोळा कधी लागला, किती वेळा उठलात, सकाळी कधी. घड्याळ बघत बसायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. मी शाळेत गणित शिकवायची, खडू धरवेना म्हणून सोडलं, आता घरीच आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेते, त्यामुळे वही दिली की मला चेव येतो. रकाने आखले, सरासरी काढली. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा, गादीवर नऊ तास. झोप पाच तास दहा मिनिटं. म्हणजे 57 टक्के. बोर्डाच्या परीक्षेत चालतील, इथे नाही चालत, इथे निदान 85 लागतात असं म्हणे. आणि दुपारचे दोन तास वेगळेच.

ते दुपारचे दोन तास कुठून आले सांगू? "आराम कर" मधून. आजारी माणसाला येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच सांगतो, आराम कर, पडून राहा, लवकर झोप, उठू नकोस आम्ही आहोत. सगळे मायेनेच सांगतात म्हणून कोणाला काही बोलताही येत नाही. मी खरंच आराम करत होते, आठ वर्षं इतका आराम केला की रात्रीसाठी झोप शिल्लकच ठेवली नाही, आणि वर त्या गादीवर दुखायचं, रडायचं, रिपोर्टांचा विचार करायचा, मोबाइल बघायचा, सगळं तिथेच. गादीवर पाठ टेकली की शरीर म्हणणार, चला, आता काळजी करायची वेळ झाली.

तर डॉक्टरांनी दिलेला उपाय ऐकून मला आधी रागच आला. गादीवरचा वेळ कमी करा! रात्री बाराला जायचं, सहाला उठायचं, झोप झाली असो नसो. दुपारी आडवं व्हायचं नाही, पाय दुखले तर खुर्चीत बसा. रात्री पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेर या, पेंग आली की परत जा. ही काही त्यांच्या मनची गोष्ट नाही, मी नंतर वाचलं, गादीवरचा वेळ कमी करणं 1987 पासून आहे, आर्थर स्पीलमन नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी मांडलेलं, आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने तर जुनाट निद्रानाशाला झोपेच्या गोळीच्या आधी झोपेच्या सवयी आणि विचार बदलायचा जो उपचार (सीबीटी-आय) आहे तो द्या असं सांगितलं, हे त्याचाच एक भाग. हे सगळ्यांसाठी नाही पण, फिट्स येणाऱ्यांनी किंवा ज्यांना रात्रीची गाडी चालवायची आहे अशांनी वगैरे आपल्या मनाने करू नये, मलाही सहा तासांच्या खाली जाऊ नका म्हणून बजावलं होतं.

पहिले दहा दिवस भयंकर. ट्यूशनला वर्गमूळ काढता काढता डोळे मिटायचे, एकदा एक पोरगी म्हणाली टीचर तुम्ही तेच गणित तिसऱ्यांदा लिहून राहिल्या. सासूबाई ह्यांच्यावर चिडल्या, आजारी बाईला झोपू देत नाही, कसला डॉक्टर शोधलास. आणि रात्री उठून बाहेर येणं म्हणायला सोपं, आखडलेल्या पायांनी पलंगावरून उतरायलाच मला पाच मिनिटं लागतात. शेवटी पलंगाच्या पायथ्याशीच एक वेताची खुर्ची आणून ठेवली, भिंतीला धरून दोन पावलं. बरं वाटलं तर पुढे हॉलपर्यंत.

बाहेर येऊन करायचं काय हा प्रश्न होता. मोबाइल नाही, टीव्ही नाही. मी कचरा निवडायला लागले. हसू नका, इंदूरला सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-वेस्ट आणि घरातला घातक, आणि सकाळी गाडी गाणं वाजवत आली की आमच्याकडे रोज धावपळ. आता मध्यरात्रीच सगळं लागलेलं असतं. जुन्या एक्सपायर झालेल्या गोळ्या घातकमध्ये टाकताना वाटलं, या रोज पोटात जाणाऱ्या, बाहेर निघाल्या की घातक. इतकं कंटाळवाणं काम आहे ते की तिसऱ्या डब्याला जांभई येते. सासऱ्यांच्या वेळच्या टोल्यांच्या घड्याळाचे टोलेही बंद करून टाकले, तीन वाजले हे मला कोणी मोठ्याने सांगायची गरज नाही.

दर आठवड्याला टक्केवारी काढायची, 85 च्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. दीड महिन्याने मला पहिली पंधरा मिनिटं मिळाली, पावणेबाराला गादी! आता सव्वासहा तासांत पाच तास पंचवीस मिनिटं, म्हणजे 87 टक्के. एकूण झोप फक्त पंधरा मिनिटांनी वाढली हे मलाही कळतंय, पण एकसंध आहे, तुकडे तुकडे नाहीत. बोटं सकाळी आखडतातच, तासाच्या ऐवजी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. भडका आला की सगळं गणित बिघडतं, मागच्या महिन्यात चार रात्री वहीत नुसतं 'दुखलं' लिहिलंय.

आणि गंमत म्हणजे आता त्रास उलटाच आहे, पावणेबारापर्यंत जागं राहायचं कसं. साडेदहाला डोळे मिटायला लागतात. परवा शनिवारी हे म्हणाले चल सराफ्याला, तिथे कोणी झोपू शकतं का. दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, अकराला तर पाय ठेवायला जागा नव्हती. तळण बघून मी नको म्हटलं, तर ह्यांनी भुट्ट्याचा कीस घेतला, मला द्रोण दोन बोटांत धरवत नाही म्हणून तळहातावर ठेवून दिला. कढया वाजतायत, गर्दीत कोणीतरी "अरे भिया, साइड दो" ओरडतोय, आणि मला तिथे उभ्या उभ्या एवढी मोठी जांभई आली की द्रोण कलंडला. कीस साडीवर. हे खिशातून रुमाल काढायचा सोडून माझ्याकडे बघतच राहिले, मग घड्याळात बघून म्हणाले, अकरा वीस झालेत फक्त, अजून पंचवीस मिनिटं आहेत, झोपू नकोस हं.