हीटर चालू झाला एकदाचा!

आजचा अख्खा दिवस कॅम्परच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) गॅस हीटरमागे गेला. लक्षण असं की थर्मोस्टॅट वाढवला की ब्लोअर फिरतो, पण हवा गारच, आणि इग्नायटरचा (गॅस पेटवायला ठिणगी पाडणाऱ्या भागाचा) टिकटिक आवाज काही येत नाही. संशय आधी गॅसवरच जातो म्हणून शेगडी पेटवून बघितली, ज्योत छान निळी, म्हणजे प्रोपेन येतोय (ब्युटेनचं वेगळं, तो शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो). मग मल्टिमीटर लावला, तोही ब्लोअर चालू ठेवून, हे फार महत्त्वाचं आहे कारण नुसती ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी ठणठणीत दिसते आणि लोड आला की खाली बसते, मग पंखा हळू फिरतो, हवेचा जोर कमी पडतो आणि सेल स्विच (सेल म्हणजे शीड, बॅटरीचा सेल नव्हे) लागतच नाही. हा स्विच म्हणजे हवेच्या झोताने ढकलली जाणारी छोटी पट्टी, ती पूर्ण सरकल्याशिवाय हीटरचा कंट्रोल बोर्ड गॅस सोडतच नाही.

व्होल्टेज ठीक होतं. गॅस आणि करंट दोन्ही बंद करून हीटर उघडला तर पट्टीला केस आणि धूळ चिकटलेली! ब्रशने साफ केली आणि लगेच पेटला, काय बरं वाटलं सांगू!!

हा स्विच बायपास करून टाका असं कोणी सांगितलं तर प्लीज ऐकू नका, हवा पुरेशी नसताना बर्नर पेटला तर आतलं चेंबर भयंकर तापतं. आता कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरपण टेस्ट करून ठेवलाय.