एका माणसाचं माप

मालक गेल्यावर घरात आधी बिघडतं ते पिठाचं माप. हात जुन्याच सवयीनं काठवटीत पीठ घेतो, रात्री टोपलीत भाकरी उरते, दोन-चार दिवस शिळं खाऊन जीव विटतो आणि मग उलटंच सुरू होतं. "एकटीसाठी कुठं चूल पेटवायची" म्हणत चहा आणि खारीवर दिवस निघतो. बाया असोत की बापे, माणदेशातल्या आमच्या गावांत मागं राहिलेल्यांचं हे असंच होतं. आळंदी ते पंढरपूर या वाटेवर एका माणसाला काय लागतं आणि किती लागतं, हे हाताला कळतं. म्हणून अशा कुणालाही मी आधी दिंडी धरायला सांगते. पाप-पुण्याचं नंतर बघू.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून हलते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. तिथी ठरलेली, तारीख मात्र पळते. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळं ती थेट २५ जुलैला. शेतावर एकटं असणाऱ्या माणसाला हा फरक फार. वारी लवकर आली तर चालून आल्यावर बाजरी पेरता येते. उशिरा आली तर बाजरी, मटकी, हुलगा पेरूनच निघावं लागतं आणि नेमकी खुरपणी आपण वेळापूरकडं असताना येते. त्यासाठी आधी सावड लावून ठेवायची: निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस दुसऱ्याच्या रानात जायचं, ते दिवस आपल्या रानात परत येतात. पैसा लागत नाही. शेळ्या दोन-तीनच असाव्यात. दुभती शेजारी बांधायची, दूध त्यांचं. कायमचं जमत नसेल तर अर्धलीनं द्यावी, म्हणजे सांभाळणारा वेगळा आणि होणाऱ्या करडांत निम्मा वाटा आपला.

दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-राहण्याची वर्गणी, भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. पाण्याचा टँकर स्वतःचा आहे का, बायकांचा तंबू वेगळा आहे का, सामानाचा ट्रक मुक्कामापर्यंत जातो का, आणि पंढरपुरात राहण्याची सोय भिशीत धरली आहे का. भिशी न भरता मोकळं चालणारेही पुष्कळ असतात आणि त्यांना जेवण कमी पडत नाही, वाटेवर गावंच्या गावं वाढायला उभी असतात. अडतं ते रात्री पाठ टेकायला. म्हणून पहिल्या वेळी एकट्या माणसानं दिंडीतच चालावं. आणि दिंडीचा क्रमांक पाठ करताना "रथापुढं" की "रथामागं" हेही पाठ करावं. पुढच्या आणि मागच्या दिंड्या वेगवेगळ्या मोजतात. नुसता आकडा सांगणारं माणूस हरवलं की लोक त्याला भलत्याच टोकाला नेऊन सोडतात.

सामान दोन ठिकाणी असतं. वळकटी ट्रकमध्ये आणि पिशवी खांद्याला. वळकटीत खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर सतरंजी, एक चादर, दोन लुगडी किंवा साड्या. कागद विसरला तर काळ्या रानातली ओल सतरंजीतून वर येते आणि सकाळी कंबर धरते. वळकटीवर नाव आणि दिंडीचा क्रमांक ऑइलपेंटनं घालावा, चिठ्ठी पहिल्या पावसात जाते. ट्रक पहाटे भरतो. तेव्हा वळकटी बांधलेली नसली तर ती मागं राहते, कुणी थांबत नाही. खांद्याची पिशवी तीन किलोच्या आत: ताट, पेला, छोटा तांब्या, पंचा, पाण्याची बाटली, गोळ्या, सुई-दोरा, सेफ्टी पिना, पाच हात सुती दोरी, डोक्यावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद. छत्री नको. वाऱ्यात उलटते आणि गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्याला लागते. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सगळ्या दिवसांच्या, वर आणखी पाच दिवसांच्या, घट्ट झाकणाच्या डबीत. अर्ध्या पिशवीत, अर्ध्या वळकटीत.

साडी सिंथेटिक बरी. सुती भिजली की जड होते, मांड्या घासतात आणि दोन दिवसांत चालणं मुश्किल होतं. घासणाऱ्या जागी निघतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावं, सालपट निघाल्यावर लावून आग होते. साडी वाळवायची रीत जुनीच आहे: दोघींनी दोन टोकं धरून वाऱ्यावर चालायचं, अर्ध्या तासात वाळते.

पायांकडं मात्र नीट बघावं, कारण वारी अर्धवट सुटते ती बहुतेक पायांमुळं. चप्पल नवी नको, महिनाभर आधी घेऊन रोज रानात घालावी. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांब, तीस किलोमीटरच्या आसपास. त्यात दिवे घाट, आणि तो दिवस बहुधा एकादशीचा, म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर भगर. वडकी नाल्याच्या विसाव्याला चप्पल काढून बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, तळव्याला तेल चोळावं आणि मगच घाट धरावा. ओल्या पायानं चढलं की फोड ठरलेला. फोड आला तर कातडी सोलायची नाही. फार ताणला असेल तरच सुई तापवून, गार करून, कडेला टोचावं, पाणी दाबून काढावं आणि वर स्वच्छ पट्टी बांधावी. फोडातून दोरा ओवून ठेवायची पद्धत जुने वारकरी सांगतात, ती करू नये. दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि पू होतो. साखर असणाऱ्यांनी फोडाला स्वतः हातच लावू नये, वाटेवरच्या दवाखान्यात दाखवावा. शिवाय रोज रात्री बॅटरी लावून तळवे बघावेत. अशा पायाला खडा रुतलेला कळत नाही.

सासवडला पालखी दोन रात्री असते, तो दिवस धुण्याचा. जेजुरी, वाल्हे मागं पडलं आणि नीरास्नान होऊन लोणंद आलं की हवा पालटते. अलीकडं पाऊस आणि चिखल्या, पलीकडं फलटण, बरड, नातेपुत्यापर्यंत ऊन आणि कोरडा वारा. लोकांना वाटतं अर्धी वाट सरली, आता सोपं. पण चक्कर येऊन पडणारे बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यातच पडतात. बायका आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मग डोकं धरतं, लघवीला जळजळ होते, ताप येतो. यावर उपाय म्हणजे पाणी तोडणं नव्हे. मुक्कामाच्या गावात फिरती शौचालयं असतात, तिथं पहाटे लवकर उरकावं, वाटेत दिसतील तिथं रांग धरावी आणि घोट-घोट पाणी चालू ठेवावं. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. पेल्यात अख्खी पुडी ओतली तर फायद्याऐवजी तोटा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

रिंगणाचं वर्णन सगळेच करतात, मी करत नाही. समाजआरतीचं सांगते. रात्री पालखी तळावर सगळ्या दिंड्या जमतात, चोपदार चोप वर करतो आणि एवढा मोठा समुदाय चिडीचूप होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. तिचं ऐकून घेतात, मग पुढं. हरवलं-सापडलंही तिथंच पुकारतात. हरवलेलं माणूस, तांब्या, पाकीट, सगळं एकाच आवाजात. काही हरवलं तर दिवसभर शोधत पाय दमवू नये, तळावर जावं.

तंबूत आडवं झाल्यावर नव्यानं एकटी झालेली माणसं विचारतात ते प्रश्न दर वर्षी तेच असतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर फी लागत नाही. दाखल्याच्या प्रती एकदमच सात-आठ काढाव्यात, बँक, तलाठी, विमा, रेशन, प्रत्येकाला वेगळी लागते. सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं अर्ज द्यावा. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये गेलेल्या माणसाच्या नावावर येत असतील तर ते आपोआप आपल्याकडं वळत नाहीत, वारसनोंद झाली की आपल्या नावानं नवा अर्ज करावा लागतो. कुणी कितीही घाई केली तरी दुःखाच्या दिवसांत हक्कसोडपत्रावर सही करू नये, पोराबाळांसाठी असली तरी. हे माझं मत, आणि मी ते बदलणार नाही.

कुंकवाचाही प्रश्न निघतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. दिंडीत ठरावाची गरज पडत नाही. बुक्का सगळ्यांच्या कपाळाला आणि पाया सगळे सगळ्यांच्या पडतात. तुळस डोक्यावर घ्यायला कुणी कुणाला अडवत नाही.

आता घराचं माप. दिंडीत पंगतीला बसून आपण किती खातो ते चार दिवसांत कळतं. चालून खाल्लेलं वजा करा, घरी एका वेळी दोन भाकरी पुरतात. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ. दिवसाच्या चार भाकरी म्हणजे महिन्याला १२ किलो आणि वर्षाला दीड क्विंटलच्या आत ज्वारी. याहून जास्त साठवली तर ती किड्यांसाठी. डाळ, मटकी, हुलगा मिळून महिन्याला दीड किलो, तेल अर्धा लिटर. ज्वारी दोन-तीन कडक उन्हं द्यावी, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग लगेच कोठीत भरायची नाही. गरम धान्य आत घाम धरतं आणि त्या ओलीवर सोंडकिडा वाढतो. रात्रभर गार होऊ द्यावी, सकाळी सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत भरावी. कोठी किंवा पोतं फळीवर ठेवावं, भुईवर नको, भिंतीला टेकवून तर नकोच.

दळण पावसाळ्यात एका वेळी चार किलो, जास्त नाही. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. मग लोक म्हणतात हाताची सवय मोडली. हाताचं काही नाही, पीठ जुनं आहे. असं पीठ उरलंच तर उकळतं पाणी घालून मळावं. बाजरी तर किलो-दीड किलोच दळावी, आठवडाभरात पीठ कडवटतं.

भाजीला आठवडी बाजारावर विसंबू नये. न्हाणीचं पाणी जातं तिथं अळू, कढीपत्ता, एक शेवगा आणि मांडवावर दोडका, एवढ्यात एका माणसाचा पावसाळा निघतो. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून कडकडीत वाळवून ठेवला असेल तर आषाढात तो सोन्यासारखा. मूठभर चुरून पाण्यात शिजवायचा, चमचाभर डाळीचं पीठ लावायचं, वर लसणाची फोडणी. उरलेली भाकरी सकाळी ताकात कुस्करून, कांदा आणि मिरचीचा ठेचा. हे गरिबीचं खाणं म्हणून कुणी कीव केली तर करू द्यावी. मला हे कुठल्याही हॉटेलपेक्षा गोड लागतं. तुराट्या चहापुरत्या ठीक, भाकरीला बाभळीचं सरपण हवं, त्याची धग एकसारखी राहते. सरपण पहिल्या पावसाआधी पडवीत आलं पाहिजे. काटकसर कुठं करायची नाही तेही सांगते: गोळ्या, चष्मा, चप्पल आणि दूध.

एकट्या घरात सगळ्यात जड जाते ती दिवेलागणीची वेळ. दिंडीत तेव्हा हरिपाठ चालू असतो. गावातही देवळात असतोच, तिथं अर्धा तास बसावं आणि भाकरी त्यानंतर टाकावी, आधी नाही. आधी टाकली की जेवण सातलाच उरकतं आणि रात्र लांबते.

पंढरपुरात एकादशीला पददर्शनाची रांग फार लांब असते. गुडघे बोलत असतील तर चंद्रभागेत पाय धुऊन, नामदेव पायरीला हात लावून कळसाचं दर्शन घ्यावं. पिढ्यान् पिढ्या कित्येक जण तेवढ्यावरच परततात. सवड असेल तर पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून निघावं, तोवर एसटीची गर्दीही ओसरते. बायकांना एसटीचं तिकीट निम्मं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आधारकार्ड पिशवीत वरच ठेवावं.

घरी आल्यावर आधी कोठीत कोपरापर्यंत हात घालावा. दाणे गार लागले तर ठीक. कोमट लागले तर आत कीड चालू झाली आहे. त्याच दिवशी ज्वारी बाहेर काढून चाळावी, ऊन पडेल तसं पसरावी आणि गार करून पुन्हा भरावी. चक्कीवर दुसऱ्या दिवशी जायचं, चार किलो घेऊन.