तुम्ही विचारलेत म्हणून: हात का आवरत नाही?

“एवढे शिकलेली आहेस, मग खाताना हात का आवरत नाही?” हा प्रश्न मला सांगलीत हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर विश्रामबागेत भाजी घेतानाही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या मनात माझ्याविषयी काळजी असते, म्हणून नीट उत्तर द्यावेसे वाटते.

मला बिंज ईटिंग डिसऑर्डर हा आजार आहे. आवडीचे चार घास जास्त जाणे निराळे. घर निजल्यावर मी दिवा न लावता स्वयंपाकघरात उभी राहत असे आणि भडंगाची पिशवी, उरलेल्या चपात्या, डब्यातला गूळ असे हाताला लागेल ते, चवही न कळता, पोट दुखेपर्यंत खात असे. आपल्याला थांबता येत नाही ही त्या वेळची जाणीव हेच या आजाराचे मुख्य लक्षण होय. आठवड्यातून किमान एकदा, असे ३ महिने घडत असेल आणि नंतर उलटी काढणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हे नेहमीचे नसेल, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचे वर्णन १९५९ मध्येच केले होते. तिथल्या मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत मात्र त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. तोवर माझ्यासारखीला खादाड हाच शब्द होता, आणि मीही तो स्वतःला लावत होते.

रात्री असे झाले की दुसऱ्या दिवशी मी उपवास धरी. सोमवार, गुरुवार, संकष्टी. सासूबाई चारचौघींत माझ्या निष्ठेचे कौतुक करत आणि मला रडू येई, कारण त्यात देव नव्हता, आदल्या रात्रीची शिक्षा होती. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत माझे वजन विचारले नाही; शेवटचे जेवण कधी झाले, एवढेच विचारले. मग वही ठेवायला सांगितली: किती वाजता, काय खाल्ले, त्याआधी काय घडले. महिन्याभराने वही उघडली तेव्हा बहुतेक वाईट रात्री उपवासाच्या दिवसांनंतरच्या निघाल्या. असेच एका जुन्या प्रयोगातही दिसले होते: अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवले होते. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर त्यांपैकी काहींना खाणे आवरता येईना. मन कमकुवत असते म्हणूनच असे होते, हे मला तेव्हापासून पटेनासे झाले. प्रत्येकाच्या आजाराचे मूळ उपासमारीतच असते असे नाही. दुःख, लाज, एकटेपणा हेही असतेच.

म्हणजे मी हात आवरत होते, दिवसभर आवरत होते, आणि त्यामुळेच तो रात्री सुटत होता. माझ्या उपचारात, ज्याला कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार) म्हणतात, पहिला नियम वेळेवर जेवण्याचा होता: दर तीन-चार तासांनी, भूक असो वा नसो, आदल्या रात्री काहीही झालेले असो. मला तो कोणत्याही व्रतापेक्षा कठीण गेला. अजूनही एखादी रात्र बिघडते. तेव्हा सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, एवढे पाळते.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या संकष्टीला त्यांनी स्वतःपुरता शाबू भिजवला आणि दुपारी बाराला माझ्यापुढे भाकरी-आमटीचे ताट ठेवले.