तुम्ही विचारलंत म्हणून: एकदम अ‍ॅडमिट करावं लागलं तर सोबतच्याने काय करायचं?

ज्यांच्या घरी नुकतीच केमो सुरू झालीये असे लोक मला हे हमखास विचारतात, कारण बायकोच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या वेळी केमोच्या तिसऱ्या सायकलनंतर, म्हणजे तिसऱ्या फेरीनंतर, हिला रात्री अचानक न्यावं लागलं होतं आणि सहा दिवस आम्ही तिथेच होतो. बहुतेकांना ऐकायचं असतं की मन घट्ट कसं ठेवायचं. मी मात्र आधी थर्मामीटरबद्दलच बोलतो.

झालं असं, संध्याकाळपासून हिला कणकण होती, मी कपाळाला हात लावून बघितलं आणि पॅरासिटामॉल दिली. ताप मोजलाच नाही. तासाभरात घाम येऊन अंग गार लागायला लागलं आणि मी निश्चिंत झालो. गोळीने ताप दबला होता, आतलं इन्फेक्शन जसंच्या तसं होतं. रात्री साडेबाराला ही कुडकुडत उठली तेव्हा १०१.८. तरी ही म्हणत होती, "अरे सकाळपर्यंत बघू, आत्ता कुठे जायचं," आणि मी पण अर्धा तास घालवला, कारण मला तेच ऐकायचं होतं ना. तो अर्धा तास आणि ती गोळी, दोन्ही अजून टोचतात.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा, काउंट ५०० च्या खाली गेला की शरीराकडे लढायला जवळजवळ काही उरतच नाही, म्हणजे पू होत नाही, सूज दिसत नाही, कधी कधी खोकलासुद्धा नसतो, नुसता ताप येतो. तो एकच इशारा. म्हणून १००.४ च्या वर गेला की लगेच फोन, लगेच निघायचं, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी नाही. रात्रीचे किती वाजलेत ते बघायचंच नाही.

कॅज्युअल्टीत मी म्हटलं, "ताप आहे." त्यांनी बसायला सांगितलं, आजूबाजूला सगळे खोकणारे. वीसेक मिनिटांनी एक सिस्टर सहज विचारून गेल्या, काही ट्रीटमेंट चालू आहे का? मी म्हटलं केमोचा नववा दिवस, आणि मग जी धावपळ झाली, लगेच वेगळी खोली, पोर्टमधून (केमोसाठी कातडीखाली बसवलेली नळी) आणि हातातून ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कुठले जंतू आहेत ते बघायला, रक्त, लगोलग अँटिबायोटिक. ते तासाभराच्या आत जायला हवं असतं आणि कल्चरचा रिपोर्ट यायला दोनेक दिवस लागतात म्हणून रिपोर्टची वाट बघत नाहीत. तेव्हा दारातच पहिलं वाक्य हेच: केमो चालू आहे, अमुक दिवस आहे, इतका ताप आहे. कोणती औषधं चालू आहेत विचारल्यावर मला "ते लाल औषध" एवढंच सांगता आलं, फाईल घरी राहिली होती. आता सगळ्या कागदांचे फोटो आम्हा दोघांच्या फोनमध्ये आहेत.

हिचा काउंट २०० आला.

आत गेल्यावर मी पहिले दोन दिवस नुसता बोलत होतो, कसं वाटतंय, बरं वाटतंय का, थोडं खातेस का. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "सारखं विचारू नकोस रे, उत्तर द्यायला पण दम लागतो." तेव्हापासून फक्त हो-नाहीचे प्रश्न, ते पण लागेल तेव्हाच. बाकी वेळ मी वही धरली. कुठलं औषध किती वाजता, ताप किती, राउंडला कोण काय म्हणालं. ड्युटी बदलली की नवीन डॉक्टर परत पहिल्यापासून हिस्ट्री विचारतात, पहाटे तीनला पण, आणि ते मी वही उघडून सांगितलं की हिला उठवावं लागायचं नाही. माझ्या मते सोबत असण्यातलं सगळ्यात उपयोगी काम हे आहे.

भेटायला येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हटलं, सख्ख्या भावाला सर्दी होती त्याला दारातून परत पाठवला. मग त्याच्याकडेच सगळ्या नातेवाईकांचे फोन सोपवले, आणि ती मदत खरंच मोठी होती. चौथ्या रात्री मी गोळीची वेळ चुकीची सांगितली, सिस्टरांच्या लक्षात आलं म्हणून बरं, त्यांनी मला घरी झोपायला पाठवलं. सकाळी आलो तर ही म्हणते काल पहिल्यांदा नीट झोप लागली, इतके दिवस मी जागा असायचो म्हणून ही नुसते डोळे मिटून पडायची.

ही रडली ती तापात नाही. काउंट वर यायला लागल्यावर डॉक्टर म्हणाले पुढची सायकल एक आठवडा लांबवू, तेव्हा रडली. दर २१ दिवसांनी एक, असं मनात धरून ही शेवटच्या तारखेकडे बघत चालली होती आणि ती तारीखच सरकली. मी म्हटलं, "एक आठवडाच तर आहे." नको होतं म्हणायला. ही भिंतीकडे वळली आणि बराच वेळ तशीच पडून राहिली, मी पण मग गप्प बसून राहिलो.

चौथ्या सायकलनंतर दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं, तरी नवव्या रात्री मला झोप नव्हती. झोपायच्या आधी मोजलं तर ९८.४. दिवा घालवून पडलो, थोड्या वेळाने अंधारात हिचाच हात थर्मामीटर घेऊन पुढे आला, म्हणाली, "परत एकदा लाव ना."