बडोद्यात भिंती बघायला: तांबेकर वाडा आणि कीर्तिमंदिर

बडोद्याला गेलेले बहुतेक जण लक्ष्मीविलास पॅलेस बघतात आणि गाडी पकडतात. या खेपेला आम्ही भित्तिचित्रांसाठीच गेलो आणि सुरुवात तांबेकर वाड्यापासून केली. तुम्हीही तोच आधी बघा.

रिक्षावाल्याला वाड्याचं नाव सांगण्यापेक्षा ‘रावपुरा, दांडिया बाजार’ सांगितलेलं बरं. पुढे कुणालाही मराठीत विचारा, चालतं. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा चार मजली वाडा. आता तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. जिना बघून सासूबाई म्हणाल्या, ‘तुम्ही या जाऊन, मी इथेच बसते.’ गुडघे कुरकुरत असतील तर हे आधीच ठरवून ठेवा.

वर चित्रांच्या खोलीत नजर ठरत नाही. कृष्णलीला, रामायण-महाभारतातले प्रसंग, आणि त्यांच्याच पंगतीला मराठे-इंग्रजांची लढाई अन् गोऱ्या मडमा! कुणाशेजारी कोण शोभेल याची चित्रकारांनी फिकीर केलेली दिसत नाही. मला तर तेच आवडलं. दारांवरची चित्रंही बघा, घाईत ती राहून जातात. सकाळच्या उजेडात जा. फ्लॅश अजिबात नको, रंग आधीच उडालेत.

मग विश्वामित्री नदीजवळचं कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मारक सयाजीराव महाराजांनी उभारलं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानचा नकाशा असलेली पृथ्वी आहे, ती आत शिरण्याआधीच बघून घ्या. आत बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांची चार मोठी भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. १९३९ पासून पुढे काही वर्षं शांतिनिकेतनाहून येऊन-जाऊन, शिष्यांना हाताशी घेऊन त्यांनी ती रंगवली.

चित्रं उंचावर आहेत, मान अवघडते. पक्षी बघायची छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. नटीर पूजेची गोष्ट मात्र वाचून जा: राजाने घातलेली बुद्धपूजेची बंदी मोडून स्तूपापुढे नाचातूनच पूजा करणारी आणि त्यापायी जीव गमावणारी नर्तकी. ती रवींद्रनाथांच्या नाटकातली. गोष्ट ठाऊक नसेल तर नुसता नाच दिसतो, त्यातला धोका कळत नाही.

दोन्ही ठिकाणं उघडी असण्याच्या वेळेचं तेवढं बडोद्यात कुणी ओळखीचं असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा. भूक लागली तर सेव-उसळ खा, आणि तिखट जपून सांगा.