मिनियापोलिसची थंडी, गाडीचा हीटर आणि नाना पेठेतलं पातेलं

काल दुपारी नाना पेठेत मामाच्या गॅरेजवर आम्ही चहाच्या जुन्या पातेल्यात दोन थर्मोस्टॅट उकळले. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्याचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी छोटी झडप. एक माझ्या गाडीतनं काढलेला, तो मी बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून मिनियापोलिसहून आणला होता, आणि दुसरा तसाच नवा, मामाला दाखवायचा म्हणून मुद्दाम विकत घेतलेला. पुण्यात आल्यापासून जो भेटतोय तो विचारतोय की डिसेंबरमध्ये गाडीचा हीटर गरम हवा का देईना, नक्की काय झालं होतं, म्हणून सगळं एकदाच लिहितेय.

आपल्याकडे गाडीचा हीटर म्हणजे असून नसल्यासारखा, पुण्यात जानेवारीत पारा ८-१० वर आला की आपण कपाटातनं स्वेटर बाहेर काढतो, फार तर काच वर करतो आणि विषय संपतो. तिकडे सकाळी उणे २० असतं आणि हीटर चालत नसेल तर आपल्याच श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते, पुढचा रस्ताच दिसत नाही. त्यात लेक ४ वर्षांची, तिच्या कार सीटमध्ये जाड जॅकेट घालून बसवत नाहीत कारण धडक बसली तर जॅकेट चेपतं आणि पट्टा सैल पडतो, म्हणजे जॅकेट काढून बसवायचं आणि वर पांघरूण टाकायचं. त्या आठवड्यात डे केअरला पोचेपर्यंत तिची बोटं गार पडलेली असायची आणि माझ्या पोटात कालवायचं.

आमची गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली, २०१२ ची. गाडीच्या हीटरला स्वतःची शेगडी नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंजिन तापतं, ती उष्णता कूलंट, म्हणजे इंजिनातनं फिरणारं द्रव ज्याला सगळे पाणीच म्हणतात, ते उचलतं, तेच कूलंट डॅशबोर्डच्या मागच्या छोट्या रेडिएटरमधनं फिरतं ज्याला हीटर कोअर म्हणतात, आणि पंखा त्याच्यावरनं हवा आत ढकलतो. म्हणजे इंजिनाची उरलेली ऊब आपण वापरतो, आणि हायब्रिडमध्ये ती आधीच कमी उरते कारण सिग्नलला इंजिन बंद, हळू चालवताना बंद, आणि चालू असतं तेव्हाही फार उष्णता वाया घालवत नाही. एरवी हीटर लावला की गाडी पाणी तापवण्यासाठी स्वतःहून इंजिन सुरू करते, आणि इको मोडमध्ये हीटर मुद्दाम मंद ठेवते, म्हणून इको मोड बंद करून बघणं ही पहिली गोष्ट. मी तो बंद केला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघितला तर तोही बरा होता. हवा जोरात येत होती, गरम येत नव्हती.

तिथल्या एका गॅरेजने ऐकून घेतलं आणि सांगितलं, हीटर कोअर चोक झालाय, बदलावा लागेल, अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, १४०० डॉलर. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं आणि त्याचा मला आजही राग आहे.

शनिवारी सकाळी ९ ला मामाला व्हिडिओ कॉल लावला, पुण्यात रात्रीचे साडेआठ, तो जेवायला बसला होता, तरी ताट बाजूला सरकवून म्हणाला, "अगं, आधी पाणी कुठे फिरतंय ते बघ, कोअरचं नंतर." मी कूलंटची बाटली दाखवली, काठोकाठ भरलेली. मामा म्हणाला अजून एक असेल, शोध. आणि खरंच होती! हायब्रिडमध्ये बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर असतो, त्याचं कूलंट वेगळं फिरतं, त्याची बाटली वेगळी, मी तीच बघत होते. इंजिनाची बाटली लो च्या रेघेच्याही खाली होती.

मग त्याने हीटरच्या दोन्ही पाइपांना हात लावायला सांगितला, केशरी वायरींपासून हात लांब ठेवून, कारण त्या हाय व्होल्टेजच्या. इंजिन चालू असताना आत जाणारा पाइप गरम आणि परत येणारा गार, शिवाय डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्यासारखा आवाज. मामा लगेच म्हणाला, हवा भरलीय, एअर लॉक. एका होजच्या क्लँपपाशी गुलाबी पापुद्रा वाळलेला दिसला, कूलंट तिथूनच झिरपत होतं.

क्लँप बदलला आणि पूर्ण थंड इंजिनावर, कारण गरम असताना झाकण उघडलं तर तोंडावर येतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच गुलाबी कूलंट भरलं. नळाचं पाणी मामाने घालूच दिलं नाही, तिकडच्या थंडीत ते गोठून पाइप फोडेल, आणि हे ५०-५० मिश्रण उणे ३५ च्याही खाली टिकतं. मग पुढची चाकं रॅम्पवर चढवली, इंजिन मधेच बंद पडू नये म्हणून गाडी मेंटेनन्स मोडमध्ये टाकली, हीटर फुल केला आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तासभर बाटलीत कूलंट घालत राहिले.

खळखळ गेली. आता दोन्ही पाइप सारखेच होते, पण सारखेच कोमट. मला वाटलं सगळं फुकट गेलं, पण मामाचा आवाज उलट खुलला, म्हणाला पाणी फिरतंय ना, मग कोअर चोक नाही, इंजिनच तापत नाहीये.

मी स्वस्तातला ओबीडी स्कॅनर आणला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, तिकडे १९९६ पासून प्रत्येक पेट्रोल गाडीला डॅशबोर्डखाली त्याचं सॉकेट असतं. हायवेवर अर्धा तास चालवून कूलंट १४० फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सियस, जे ८५ च्या वर हवं. दुसऱ्या दिवशी पी०१२८ हा कोडही आला, म्हणजे थर्मोस्टॅट जेवढं म्हणतो तेवढं इंजिन तापत नाहीये. आणि मग मायलेजचंही कळलं, लिटरला १९ किलोमीटरवरनं १४ वर आलं होतं, मी थंडीला दोष देत होते पण गाडी बिचारी पाणी तापवायला सारखी इंजिन चालू करत होती आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकल्यामुळे ते पाणी थेट रेडिएटरमध्ये जाऊन गार होत होतं.

थर्मोस्टॅट ३० डॉलरला आला, बदलायला एक दुपार गेली, आणि सोमवारी अर्ध्या रस्त्यात मागून आवाज आला, "आई, पांघरूण काढ."

तर काल ते पातेलं. मामा खाली वाकून थर्मामीटर धरून बसला होता, बाजूला त्याच्याकडची दोन पोरं. माझा जुना थर्मोस्टॅट थंड पाण्यातच नखाएवढा उघडा, आतल्या रबरात खडा अडकल्यासारखी खाच. नवा अगदी बंद होता, ७०, ७५, ८०, काही नाही, आणि ८२ ला मधली चकती हळूच वर उचलायला लागली, स्प्रिंग दबत गेली, आतलं मेण तापून फुगतं आणि दांडा ढकलतं ते असं डोळ्यासमोर. पोरं गप्प होऊन बघत होती.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ऐंशीच्या दशकात उन्हाळ्यात गाडी तापली की आम्ही हे काढूनच टाकायचो, किती फियाटचे काढले असतील. गिऱ्हाईक खूश, परत कुणी तक्रार घेऊन आलं नाही." आणि पाण्यातला नवा चिमट्याने बाहेर काढून गार होताना परत मिटेपर्यंत हातात धरून राहिला.

जुना त्याने ठेवून घेतलाय, गॅरेजच्या फळीवर.